संडासाच्या चपलांत सहल

तामोत्सुसान गावचे न्हावी. खुर्चीत बसलेल्या मुक्या माणसालाही बोलतं करतील असे वस्ताद, पण आज सकाळपासून त्यांच्याच तोंडाला कुलूप लागलं होतं. विचारायचं तरी काय होतं? "फुसाएसान, माझ्याकडे राहायला याल का?" झालं, एवढंच. पण उद्या फुसाएसानांचा मुलगा टेम्पो घेऊन येणार होता आणि आईला बिऱ्हाडासकट ओसाकाला नेणार होता. तेव्हा विचारायचं तर आजच. 'जाण्याआधी एकदा डोंगर बघून घ्या' हे नुसतं निमित्त!

एका डब्याच्या गाडीत त्यांनी तोंड उघडलं, तर बोगदा आला. नदीवरच्या होडीत उघडलं, तर नावाडी गायला लागला, आणि थांबायचं काही नाव घेईना मेला. फुसाएसान मात्र टाळ्या पिटत त्याला साथ देत होत्या. वळणावर पाणी उडालं की किंचाळायच्या, मग स्वतःच्या किंचाळण्याला हसायच्या. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, पण या बाईचं हसू काही गेलं नाही. तामोत्सुसानांचा जीव अडकला होता तो तिथेच.

दुपारी घाटाजवळच्या खानावळीत दोघांनी दाराशी बूट काढले, चटईवर बसून गरम सोबाच्या शेवया भुरकल्या. "आता विचारतोच!" असं मनाशी ठरवून तामोत्सुसान आधी संडासात जाऊन आले, आरशात भांगही नीट केला. इतक्यात बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"पळा पळा, पुढची बस थेट संध्याकाळी!" म्हणत ते जे सुटले, ते बसमध्येच जाऊन थांबले. मागून जमेल तशी पावलं टाकत फुसाएसान आल्या. त्या इतक्या हसत होत्या की त्यांना बोलताच येईना.

बसमधले लोक भारी नम्र होते. तामोत्सुसानांकडे बघून जो तो मान खाली घालत होता. रोपवेवरचा माणूस तर कमरेत इतका वाकला, की त्याचं डोकं यांच्या गुडघ्याला लागायचं बाकी राहिलं.

"डोंगरावरची माणसं बघा, किती अदबशीर!" तामोत्सुसान म्हणाले.

"हो ना," म्हणत फुसाएसानांनी तोंडात रुमाल कोंबला.

वरच्या तळ्यात पायडलने चालणारी हंसाची होडी होती. दोघं बसले. आसपास कुणी नाही, बोगदा नाही, नावाडी नाही. तामोत्सुसानांनी घसा खाकरला, लाजून खाली बघितलं, आणि त्यांचं काळीज पायातच गेलं. पायडलवर होत्या लाल प्लास्टिकच्या चपला. पंजावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: शौचालय.

अरे देवा! या चपला संडासापुरत्याच घालायच्या, बाहेर येताना दारातच काढायच्या असतात, हे शेंबडं पोरही विसरत नाही. आणि सकाळी घासून घासून चकाकवलेले काळे बूट बसलेत खानावळीच्या दाराशी! संडासाच्या चपला घालून कुणी कुणाला मागणी घातली आहे का कधी? त्यांनी पाय आसनाखाली ओढले, हातातलं सुकाणू भलतीकडे वळलं, आणि फुसाएसान एकट्याच दणादण पायडल मारत असल्यामुळे हंस गरागरा गिरक्या घेऊ लागला.

"अजून एकदा! अजून एकदा!" फुसाएसान ओरडत होत्या.

या गिरक्यांपायी शेवटची बस चुकली. खाली एका शेतकऱ्याचा मुळ्यांनी भरलेला छोटा टेम्पो भेटला. "मागे बसा. पोलिसाने हटकलं तर सांगा, माल राखायला बसलोय," तो म्हणाला. मग त्याने तामोत्सुसानांच्या पायांकडे बघितलं आणि झटकन मान खाली घातली.

मुळ्यांच्या ढिगात पाय खुपसून तामोत्सुसान रडवेले होऊन बसले.

"काढा आता पाय बाहेर," फुसाएसान म्हणाल्या. "बसमध्ये चढतानाच बघितल्या मी त्या चपला."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बूट आणायला परत पळाला असतात. बस गेली असती, हंस गेला असता. मला आजचा दिवस कणभरही कमी नको होता."

तामोत्सुसानांच्या डोळ्यांत पाणीच आलं. टेम्पो खड्ड्यात आदळला, एक मुळा त्यांच्या मांडीवर येऊन पडला, आणि त्या दणक्यातच प्रश्न बाहेर पडला, "माझ्याकडे राहायला याल का?"

"या चपला घालून विचारताय?"

"बूट खानावळीत राहिलेत ना!"

फुसाएसान पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत त्यांनी फोन काढला, मुलाला लावला.

"नोबुहिरो, उद्या टेम्पो आणू नकोस. मला खानावळीत चपला परत करायला जायचंय... अरे, डोकं ठिकाणावर आहे माझं... परवा? नको रे, परवाही नको." त्यांनी तामोत्सुसानांच्या मांडीवरचा मुळा उचलून बाजूला ठेवला आणि तिथे आपला हात ठेवला. "यायचंच असेल तर केस कापायला ये. आता घरचाच न्हावी आहे."