उंच माणसांचं पुण्य

गुहेच्या तोंडाशी रांग होती, आणि आतून बाहेर येणारा प्रत्येक जण रांगेतल्यांना काही ना काही सांगूनच पुढे जात होता. कुणी म्हणे, डोळ्यांदेखत दिवा विझला, वारा नाही की काही नाही. कुणी म्हणे, शेजारच्याचा विझला, आपला मात्र तेवत राहिला. हे सांगणारे जरा छाती पुढे काढून चालत. ज्यांचे विझले ते मुकाट्याने डावीकडच्या तंबूकडे वळत, कारण पुन्हा दिवा धरायला मिळावा म्हणून करायच्या शुद्धीच्या फेरीची नावं तिथे घेत असत. एक बाई पदराने डोळे टिपत होती आणि तिचा नवरा तिच्यापासून दोन हात लांब उभा होता. त्याचा दिवा विझला नव्हता, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

आम्ही चौघं त्या रांगेत होतो. मी, माझी भाची, तिचा होणारा नवरा आणि त्याची आई, म्हणजे आमच्या होऊ घातलेल्या विहीणबाई. लग्न ठरलं होतं, तारीख ठरायची होती. विहीणबाईंनीच सुचवलं की तारीख धरण्याआधी घळीची आणि गुहेची एक दिवसाची सहल करू. हवापालट होईल आणि मुलीच्या हातून तो दिवाही होऊन जाईल. गुहेत ज्याचा दिवा विझतो त्याच्या पदरी पाप, असा तिथला समज. त्यांच्या नात्यातल्या तीन मुलींनी म्हणे केला होता आणि त्यातल्या दोघींची लग्नं अगदी छान झाली. तिसरीचं काय झालं ते मी विचारलं नाही. भाची शाळेत विज्ञान शिकवते. दिव्याचं ऐकून ती हसली होती, पण तिला घळ बघायची होती. तिच्या आईच्या गुडघ्यांना चढउतार झेपत नाही, म्हणून मुलीकडची वडीलधारी म्हणून मी आले.

सकाळी आम्हाला घळीत उतरवणारा माणूस तेव्हा नुसता गाईड होता, आणि चांगला गाईड होता, हे सांगितलं पाहिजे. प्रत्येकाच्या हेल्मेटचा पट्टा त्याने स्वतः ओढून पाहिला. कातळाकडे तोंड करून कसं उतरायचं, एक हात पक्का धरल्याशिवाय दुसरा कसा सोडायचा नाही, हे त्याने न कंटाळता दाखवलं. खाली घोट्याएवढं गार पाणी, दोन्ही अंगांना ओल्या भिंती, आणि वर आभाळाची नुसती चिंधी. वाटेत एक मोठा दगड आडवा पडला होता; त्याच्याखालून तो सरपटत पलीकडे गेला आणि आम्हाला एकेक करून ओढून घेतलं. इतका लवचीक माणूस मी पाहिला नव्हता.

गुहेशी पोचल्यावर त्याने हेल्मेट काढलं, खांद्यावर शाल घेतली आणि तो महाराज झाला. आवाज खाली उतरला. सकाळी ‘पाय बघून टाका’ म्हणणारा आता ‘बाळांनो’ म्हणू लागला. नियम त्याने डोळे मिटून सांगितले. डोक्यावरच्या बॅटऱ्या बंद. आत खाली बसायचं नाही, कारण तिथलं आसन देवाचं. लहान मुलं खांद्यावर घ्यायची. ती देवाची लेकरं, त्यांचे पाय जमिनीला लागता कामा नयेत. फार वेळ थांबायचं नाही, देवाला गर्दी सोसत नाही. दिवा बरोबर नाभीपाशी धरायचा, कारण माणसाची बरीवाईट कर्मं नाभीत साठतात. आणि नमस्कार उभ्यानेच करायचा. वाकायचं नाही.

हा शेवटचा नियम माझ्या मनाला टोचला. सकाळी आंघोळ झाल्यावर आणि दिवेलागणीला मी देवापुढे दिवा लावते आणि जमिनीला डोकं टेकते. जिथे देव आहे असं कुणी सांगेल तिथे टेकते. देवाने अजून कुठे हरकत घेतलेली नाही. डोकं टेकलेलं न चालणारा देव मला पहिल्यांदाच भेटत होता.

आत गेलो. गुहा म्हणजे परातीसारखा खोलगट भाग, मधोमध खाली गेलेला. त्यातच एका कडेला एक उंच सपाट दगड होता, त्याला पुण्यशिळा म्हणायचं. शुद्धीची फेरी घेतलेला एक ठेंगणा गृहस्थ त्या दगडावर दिवा धरून उभा होता. मागच्या खेपेला त्याचा विझला होता आणि आज तेवत होता. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या मुलासारखं हसू होतं.

महाराजांनी प्रत्येकाच्या हातात पेटलेली पणती दिली आणि आम्ही एकेक करून त्या खोलगट जागी उतरलो. आमच्या पुढे आमच्याच सहलीच्या बसमधले एक वकील होते, चांगले सहा फुटी. त्यांचा दिवा शांत तेवत राहिला. सगळ्यांनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. आश्चर्य वाटलं ते फक्त त्यांना. मग विहीणबाई उतरल्या. त्याही अंगापिंडाने थोराड. त्यांचा दिवा तेवला. त्यांच्या मुलाचाही तेवला, तो तर दारातून वाकून जाणाऱ्यांपैकी.

मग मी. आमच्या घराण्यात उंची कुणाला मिळालेली नाही. माझी पणती मी नाभीशी नेली आणि ज्योत मिटली. महाराज फार समजूतदारपणे म्हणाले की मागच्या जन्मीचं काही राहिलं असेल, माई, मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलं नाही. पण ज्योत कशी मिटली ते मी पाहिलं होतं आणि ते माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

भाची उतरली. ती माझ्याहूनही बोटभर ठेंगणी. तिचा दिवा विझला.

महाराजांनी तो पुन्हा पेटवून दिला. पुन्हा विझला. तिसऱ्यांदा पेटवायला त्यांनी नकार दिला आणि शाल सावरत सांगितलं की मुलीने काहीतरी लपवलं आहे, देव ते बोलत नाही, फक्त ज्योत काढून घेतो.

विहीणबाईंनी भाचीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि हळू आवाजात विचारलं, “काय लपवलंयस?”

“काही नाही, काकू.”

“मग दिवा का विझला?”

वर्गात शिकवताना भाचीचा आवाज भिंतीपलीकडे जातो, पण तिथे तिचा चेहरा पांढरा पडला होता. विहीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ताई, तारखेचं आपण घाईने काही ठरवायला नको.” मुलगा दिवा धरून उभा होता. तो एकदा आईकडे बघत होता, एकदा भाचीकडे.

अशा वेळी मी दुसरं काय करणार? मी देवाला हाक मारली. आणि मला हाक उभ्याने मारता येत नाही. महाराजांची पाठ वळली होती, तेवढ्यात मी गुडघ्यांवर बसले आणि डोकं जमिनीला टेकलं.

नाकाला एकदम झिणझिण्या आल्या, सोडा पिताना ठसका लागून तो नाकात जातो तशा. श्वास घेतला, पण तो पुरेना. दुसरा घेतला तर छाती भरभर वरखाली व्हायला लागली आणि कानशिलं ठणकायला लागली. भाचीने मला दंडाला धरून उभं केलं. उभं राहिल्यावर श्वास मोकळा झाला.

“काय झालं, मावशी?”

मी तिला सोड्याचं सांगितलं. आणि मनात घोळत होतं तेही सांगितलं. फुंकर घातली की ज्योत आडवी होते, तेल संपलं की ती चरचरते. ही तशी गेली नव्हती. रात्री मी देवापुढचा दिवा फुंकत नाही, त्याच्यावर वाटी पालथी घालते. वाटीखालची ज्योत हलत नाही, नुसती बारीक होत जाते आणि वातीवरून सुटते. “आपले दोन्ही दिवे तसे गेले,” मी म्हटलं. “पण वाटी कुठे आहे, ते मला दिसेना.”

भाची माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सगळ्यांवर नजर फिरवली, वकिलांपासून शिळेवरच्या ठेंगण्या गृहस्थापर्यंत. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला. वर्गात कुणी शेवटच्या बाकावरून बरोबर उत्तर दिलं की तिचा चेहरा असा होत असणार.

“मावशी, वाटी पालथी नाहीये,” ती म्हणाली. “आपण वाटीत उभे आहोत.”

मग ती त्या मुलाकडे वळली. “तुझा दिवा गुडघ्यापाशी ने.”

महाराज म्हणाले की नाभीखाली दिवा नेणं हा अपमान आहे, ज्याने नेला त्याचं भलं झालेलं नाही. विहीणबाई म्हणाल्या, काही गरज नाही. आता दिवा खाली नेल्यावर विझला असता, तर इतक्या माणसांत मुलगाही पापी ठरला असता, आणि आईच्या शब्दाबाहेर गेला ते वेगळंच. तो भाचीकडे बघत क्षणभर तसाच उभा राहिला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, पण दिव्यासाठी नाही.

त्याने गुडघे वाकवले आणि पणती खाली नेली. ज्योत बारीक झाली, वातीवरून सुटली आणि गेली.

“म्हणजे हासुद्धा,” महाराज हळहळत म्हणाले.

विहीणबाईंना हे सहन झालं नाही. आपल्या मुलाला कुणी असं म्हणावं? त्या म्हणाल्या की आमच्या घरात पाप नाही, हे घ्या, माझा बघा. आणि मोठ्या विश्वासाने त्यांनी आपली तेवती पणती गुडघ्यापर्यंत खाली नेली.

ती विझली.

त्यांनी पणती पुन्हा वर उचलून पाहिली. मग म्हणाल्या, “वारा आला.”

“मग तिच्याही वेळी वाराच आला असेल, बाई,” वकील म्हणाले. आणि स्वतःचा दिवा त्यांनी हळूच खाली नेला. तो विझल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. “हां, आता पटलं,” म्हणाले. “मघापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.”

भाचीने सगळ्यांना बॅटऱ्या लावायला सांगितल्या. लागल्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. विझलेल्या वातींचा धूर वर गेलाच नव्हता. तो आमच्या कमरेपाशी चादरीसारखा सपाट पसरला होता, एखाद्या तळ्यावर शेवाळ पसरावं तसा. आम्ही सगळे त्या न दिसणाऱ्या तळ्यात उभे होतो. कुणी नाभीपर्यंत बुडाले होते, कुणी मांडीपर्यंत. पुण्यशिळा त्या तळ्यातलं बेट होती. तिच्यावर मांजराला उभं केलं असतं तरी ते पुण्यवान ठरलं असतं.

महाराज म्हणाले, हा देवाचा निःश्वास आहे. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला वाद घालता येत नाही. मी फक्त म्हटलं, “महाराज, इतकं जागृत स्थान आहे, तर तुम्ही एकदा नमस्कार करा. डोकं टेकून.”

ते म्हणाले की त्यांची कंबर धरली आहे.

सकाळी हाच माणूस दगडाखालून सरपटत गेला होता. आता सगळ्यांनी त्याच्या कंबरेकडे बघितलं, आणि तेवढं पुरे झालं. मला मात्र त्याचे नियम एकामागून एक आठवायला लागले. बसायचं नाही, वाकायचं नाही, पोरांना खाली सोडायचं नाही, फार थांबायचं नाही. यातल्या एकाचाही देवाशी संबंध नव्हता. खाली काय साचलं आहे ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर भाचीने टपरीवरून सोड्याची बाटली घेतली आणि माझा जेवणाचा उभा डबा रिकामा केला. डब्याच्या तळाशी सोडा ओतून तो जोरात हलवला आणि काडी पेटवून आत सोडली. काडी विझली. दुसरी विझली. रांग मोडून माणसं भोवती जमली. तिने सांगितलं की सोड्यात असतो तोच हा वायू, आपण श्वास सोडतो त्यातही असतो. इथल्या कातळाच्या फटींतून तो झिरपतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे खोलगट जागी पाण्यासारखा साचतो. त्यात ज्योत जगत नाही. फार वेळ डोकं त्यात राहिलं तर माणूसही जगत नाही. त्याला तुमचं पाप कळत नाही, तुमची उंची तेवढी कळते.

मघाशी डोळे टिपणारी बाई पुढे येऊन डब्यात वाकून बघत होती. तिने स्वतः एक काडी ओढली, आत सोडली आणि विझलेली काडी नवऱ्याच्या हातात दिली. तो घेऊन उभा राहिला. तरीही रांगेतून आत जाणारे गेलेच. एकाने तर विचारलं, उंच टाचांचे बूट चालतील का.

परतीच्या वाटेवर त्या आडव्या दगडापाशी विहीणबाई अडल्या. मुलगा पुढे गेला होता. पलीकडून भाचीने हात दिला. विहीणबाईंनी तो धरला, पण लगेच निघाल्या नाहीत.

“तुझा दिवा विझला तेव्हा माझ्या मनात काय काय आलं,” त्या म्हणाल्या.

“मला कळलं ते, काकू.”

“रागावलीस?”

“हो,” भाची म्हणाली. “तारीख धरा. पण पुन्हा कधी माझ्याबद्दल असं मनात आलं, तर आधी खाली वाकून बघा, आणि मग मला विचारा.”

दगडाखालची वाट बुटकी होती, पलीकडे जायला वाकावंच लागत होतं. विहीणबाई वाकल्या, आणि भाचीने त्यांना ओढून घेतलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी नेहमीसारखा दिवा लावला आणि डोकं टेकलं. माझा देव मला खड्ड्यात उभं करून माझी उंची मोजेल, असं मला कधी वाटलं नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांना माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे. तुमच्या मुलीचं, सुनेचं, शेजारणीचं खरंखोटं दिव्यावर, दाण्यावर, पाण्यावर सोडू नका. ती समोर उभी आहे, तिलाच विचारा. आणि एखाद्या ठिकाणी कुणी सांगितलं की इथे वाकायचं नाही, इथे विचारायचं नाही, तर नेमकं तिथेच वाकून बघा. श्वास मात्र रोखून धरा, आणि लगेच बाहेर या.