परक्याचे गडी

डेस फिट्झनरने तीस वर्षं शेडवर मेंढ्या भादरणाऱ्या गड्यांना रांधून घातलं. बोट कापलं, घसा धरला, की फळीवरची मेंढ्यांच्या औषधाची पूड चहात ढवळून प्यायची, ही तिथली रीतच. मेंढी मरत नाही, तर माणूस कशाला मरतो! ती पूड रोगाचे जंतू मारायची आणि पोटात राबणारे चांगलेही मारायची. त्याचा विचार कुणी केला नाही.

एकाहत्तराव्या वर्षी डेसच्या हाताची जखम चिघळली. अॅडलेडच्या दवाखान्यात जालीम औषधं दिली. हात वाचला, पोट ओस पडलं. त्या रिकाम्या जागेत एकच मवाली जंतू शिरला आणि मालक होऊन बसला. दिवसाला वीस वेळा संडास. माणूस महिन्यात पंधरा किलो झडला. औषध चालू तोवर बरं, बंद केलं की पुन्हा तेच. चौथ्यांदा दुखणं उलटल्यावर डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, आता निरोगी माणसाचा गू तपासून, गाळून, नळीने आतड्यात सोडायचा. नाहीतर पुढच्या वेळी आतडं टिकणार नाही.

डेसने भिंतीकडे तोंड केलं. मुलगी लियान रडली, भांडली. तो म्हणाला, जन्मभर स्वच्छ हातांनी रांधलं, मरताना दुसऱ्याची घाण पोटात घेणार नाही.

माणूस मरण पत्करतो, पण गुवाचं नाव काढत नाही. या सोवळ्याने किती जीव घेतले, त्याची मोजदाद कोण करणार?

दुसऱ्या दिवशी केव्ह आला, शेडवरचा जुना भादरणारा. लियानकडून ऐकून तो खाटेवर टेकला.

"म्हाताऱ्या, तीस वर्षं तुझं मटण गिळलं. आत काय आहे, कधी विचारलं?"

डेसला हसू फुटलं, पोट दुखेपर्यंत. मग त्याने मिरियम नर्सला विचारलं, "तो देणारा काय खातो?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. नाव सांगता येत नाही, ती म्हणाली, पण माणूस ओट, मसूर, कोबी खातो. वर्षभरात अँटिबायोटिकची एक गोळी घेतलेली नाही.

"डाळ भिजत घालतो का?"

"ते नाही हो विचारलं."

"घालत असणार. आणा कागद, सही करतो."

नळीने सोडल्यावर तिसऱ्या दिवशी विसाचे चार झाले, आठवड्याने एक. परक्या पोटातली ती अदृश्य फौज ओसाड आतड्यात संसार थाटून बसली. मवाल्याला ना घास उरू दिला, ना जागा. जिथे भारी औषधांनी हात टेकले, तिथे या बिनपगारी गड्यांनी माणूस उभा केला. एवढं काम करून त्यांना नाव काय, तर घाण!

घरी येताच डेसने शेडवरून आणलेला त्या पुडीचा डबा जनावरांच्या डॉक्टरकडे परत धाडला. महिन्याभराने मसुरीचं पातेलं घेऊन तो दवाखान्यात हजर. देणारा गुरुवारी येतो, पण त्याला बाहेरचं देता येत नाही, मिरियम म्हणाली.

डेसने पातेलं तिच्याच पुढ्यात ठेवलं. "मग तुम्ही खा. त्याला एवढं सांगा, तुझे गडी आता माझ्याकडे कामाला आहेत. उपाशी ठेवत नाही त्यांना."