जाड टायर आणि तापीची वाळू

जळगावात हस्तीमल शेठांच्या टायरच्या दुकानात काहीही मागा, फक्त कमी हवा मागू नका. ट्रॅक्टरचं चाक असो की शाळेच्या पोरीची सायकल, शेठ बोटाने टायरवर टिचकी मारणार आणि तो टणटणीत वाजल्याशिवाय गिऱ्हाइकाला पायरी उतरू देणार नाहीत. ‘कमी हवा देणं म्हणजे काटा मारणं,’ असं त्यांचे वडील सांगून गेले होते. शेठांनी ते वाक्य नवकार मंत्राच्या खालोखाल जपलं होतं.

आता अशा बापाच्या पोटी विधीसारखी लेक यावी, याला काय म्हणावं? पुण्याची चांगली नोकरी सोडून ती घरी आली, ती एक अवाढव्य सायकल घेऊन. चाकं अशी जाड की पहिल्या दिवशी अख्खी गल्ली बघायला आली. वर तिने दुकानात टायरच्या तीन जोड्या टांगल्या.

“ही पावसाळ्याची, पप्पा. वरची रबराची बटणं लांब लांब आहेत, म्हणजे काळी माती चिकटली तरी फिरता फिरता गळून पडते. ही दगडांची, साक्रीकडच्या डोंगरात चालेल, हिची कड जाड आहे. आणि ही सगळ्यांत रुंद, उन्हाळ्यातल्या वाळूसाठी.”

“ऋतू बदलला म्हणून कोणी टायर बदलतं का?” शेठ कडाडले. “टायर एकच असतो. चांगला!”

“चौमासाच्या पावसात आपले साधू-साध्वी पायी विहार थांबवतात ना? मग ऋतू पाहून चालणं आपल्याला नवीन आहे का?”

शेठांनी नोकराला उगाच चहा आणायला पिटाळलं.

विधीला दुकानाचं बंद पडलेलं दुसरं शटर हवं होतं. तिथे ती अशा सायकली आणि टायर ठेवणार होती. पण त्याच शटरवर शेठांचे मेव्हणे बन्सीलाल डोळा ठेवून होते. त्यांना तिथे पाण्याच्या प्लॅस्टिक टाक्या विकायच्या होत्या, आणि टाकीला कधी कोणी नाही म्हणत नाही, हे शेठांनाही पटत होतं. पुण्याहून कंपनीचे ‘परत या’ म्हणून फोन अजून येत होते. “शटर मिळालं नाही तर सोमवारी होकार कळवून टाकते,” असं विधीने जेवताना सांगितलं. शेठांनी वाढलेली पोळी परत केली. लेक घरात आल्यापासून घराला आवाज आला होता, आणि तो आवाज पुन्हा पुण्याला जाणार या कल्पनेनेच त्यांचं काळीज लकलकत होतं. पण हे तोंडाने बोलतील तर ते हस्तीमल कसले! ते गुरकावले, “चोपड्याकडे धनसिंगच्या शेताखाली तापीची वाळू आहे. या सायकलवरून पाय न टेकता पाण्यापर्यंत जाऊन परत ये. आलीस तर शटर तुझं.”

“मंजूर,” विधी म्हणाली. बन्सीलालांनी तर तिथल्या तिथे टाक्यांचे रंग ठरवले.

रविवारी सकाळी सायकल पिकअपमध्ये चढवायच्या आधी विधी तयार व्हायला आत गेली. शेठ सहज सायकलपाशी आले. सवयीने टिचकी मारली आणि हबकले. टायर चक्क मऊ! दाबला तर आत जात होता. आपली लेक साऱ्या चोपडा तालुक्यासमोर अर्ध्या हवेच्या चाकांवर उतरणार? लोक म्हणतील, हस्तीमलने पोटच्या पोरीलाही काटा मारला. शेठांनी इकडेतिकडे पाहिलं, कॉम्प्रेसर सुरू केला आणि दोन्ही चाकं टणटणीत करून टाकली. विरोधात उभे असूनही आपण लेकीसाठी काहीतरी केलं, या समाधानात ते वाटभर गुणगुणत होते.

तापीच्या काठावर केळीच्या बागेतून माणसं लोटली होती. धनसिंग म्हणजे शेठांचं जुनं गिऱ्हाईक, तो सायकलीभोवती दोनदा फिरला. “शेठ, हाई सायकल शे का रेडा शे?”

विधी हसत सायकलवर बसली आणि निघाली. काठाच्या कडक मातीवरून सायकल अशी सुटली की पोरं किंचाळली. शेठांची पत्नी धनकुंवरबाई दशम्यांचा डबा छातीशी धरून बघत होत्या. मग वाळू आली. पुढचं चाक खाली गेलं, मागचं जागेवर गरगरलं, सायकल आडवी व्हायला लागली, आणि विधीचा पाय टेकला.

“गयी! पोर रुतनी!” धनसिंगने कपाळावर हात मारला.

“टेकला! पाय टेकला!” बन्सीलाल तर नाचायचेच बाकी होते.

विधीने खाली वाकून टायर दाबला. मग हळूच मान वर करून काठाकडे पाहिलं. “पप्पा, हवा तुम्ही भरली?”

एवढ्या माणसांत शेठांचे कान लाल झाले. “भरली. पूर्ण भरली,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुझी चाकं मऊ दिसायला नकोत.”

विधी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त खालचा ओठ दाबला, लहानपणी पतंग कटला की दाबायची तसा.

धनकुंवरबाई मात्र बरसल्या. “अहो, आपल्या मारवाडात उंट काय टाचा रोवून चालतो? पाऊल पसरतं म्हणून तो वाळूत रुतत नाही! हे पोरीला कळलं, तुम्हाला नाही कळलं!”

“पण अट ती अट,” बन्सीलालांनी घाईने मध्ये तोंड घातलं.

शेठांनी चपला काढल्या, पांढरंशुभ्र धोतर वर खोचलं आणि तापत्या वाळूतून लेकीपर्यंत गेले. गुडघे टेकले. ज्या माणसाने आयुष्यात कोणाच्या चाकातून फुंकरभर हवा कमी केली नव्हती, त्याने व्हॉल्व्हची पिन नखाने दाबून धरली. फुस्सऽऽ! शेठांनी डोळे मिटून घेतले.

“बस, पप्पा. आणखी थोडी. आता बस.”

“एवढी कमी?”

“एवढीच.”

विधी पुन्हा काठावर गेली आणि पुन्हा निघाली. चाकं वाळूवर पसरली. वाळू करकरली, पण तिने सायकलला गिळलं नाही. विधी वाळूवरून चालली, चालली, आणि मग चक्क पळाली! शेठ गुडघ्यांवरून कधी उठले आणि कधी तिच्यामागे धावायला लागले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. “गेली! माझी पोरगी गेली!” ते ओरडत होते. धोतराचा एक सोगा वाऱ्यावर, टोपी वाळूत, आणि शेठ हसून हसून बेजार.

“देखा देखा, पानीवर चालस तशी चाली ऱ्हायनी!” धनसिंगने शिट्टी घातली.

विधी पाण्याला चाक लावून, वळून, पाय न टेकता परत आली. काठावर नुसता कल्ला झाला.

“पण पहिल्यांदा टेकलाच होता,” बन्सीलाल म्हणाले. “हे धरायचं नाही.”

“भाऊ, तुमनी टाकी आना नि वाळूमा चालाडी देखाडा!” धनसिंग म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

सगळ्यांनी शेठांकडे पाहिलं. शेठांना न्याय द्यायला वेळच नव्हता. “उतर,” ते विधीला म्हणाले, आणि तिला काही समजायच्या आत सायकलवर टांग टाकून निघालेही. लग्नानंतर ते सायकलवर बसले नव्हते. सायकल आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग धनकुंवरबाईंच्या अंगावर, आणि शेवटी एकदाची सरळ. वाळू खाली मऊ मऊ सरकत होती, आणि पोटातून अशा गुदगुल्या येत होत्या की त्यांना स्वतःच्या वयाचा विसर पडला.

“पप्पा, सावकाश! ब्रेक उजव्या हाताला!” विधी मागे धावत होती.

खिशातला किल्ल्यांचा जुडगा मांडीला टोचत होता. शेठांनी एका हाताने तो बाहेर ओढला आणि मागे न बघता लेकीच्या दिशेने भिरकावला.

“दुसऱ्या शटरची त्यातच आहे!” ते ओरडले. “आणि पुण्याला आजच फोन कर! सांग, माझ्या बापाला मी इथेच हवी आहे!”

विधी किल्ल्या मुठीत धरून जागीच उभी राहिली. हसावं की रडावं, तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. शेठ तोवर पाण्यापाशी पोचले होते.