अर्धं आवतण

भैय्यालालने आपला गोऱ्हा लस बनवणाऱ्या केंद्रातल्या डॉक्टर शिरीषच्या हवाली केला तो मोठ्या विश्वासाने. उरला वसाहतीतल्या कारखान्यात राबून हा कामगार बीरगांवात जनावरं सांभाळी. मागच्या साथीत त्याचा बैल अंगभर गाठी येऊन गेला. लम्पीची लस जिथे तयार होते तिथे जनावर सुखरूप राहील, असा त्याचा साधा हिशेब. "डॉक्टर साहब, टीका सबसे पहले इसको लगाना," तो म्हणाला, आणि शिरीष होकाराचं "हव" म्हणून मोकळा झाला.

हव म्हणायला काय लागतं? पण लशीची परीक्षा कशी होते हे शिरीषला पक्कं ठाऊक होतं. रोगाचा विषाणू प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा वाढवून त्याने त्यातली रग काढून टाकली होती. आता हा मवाळ विषाणू वासरांना टोचायचा आणि मग सगळ्यांच्या अंगात खरा, दांडगा विषाणू सोडायचा. काही वासरांना मात्र लस द्यायची नाही. ती आजारी पडली तरच बाकीची लशीने वाचली असं म्हणता येतं. कुणाला वगळायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. गोऱ्ह्याची चिठ्ठी शिरीषनेच उचलली. क्षणभर ती परत टाकावीशी वाटली, पण नियमही त्यानेच केला होता.

लस घेतलेली वासरं धडधाकट राहिली. लस न दिलेल्या गोऱ्ह्यालाही काही होईना. शिरीष रोज त्याच्या अंगावरून हात फिरवी, आणि फिरवी तो गाठ लागावी म्हणून. एका सकाळी मानेखाली गाठ लागली. "सुटलो एकदाचे," तो बोलून गेला. गोऱ्हा त्याचा हात चाटत होता. शिरीषला स्वतःची किळस आली.

मग ताप चढला, चारा सुटला. इतकं झालं की हाल न करता जनावराला कायमचं निजवायचं, हाही नियमच. दिवस आला नेमका पोळ्याच्या आदल्याचा. सकाळी चौबे कॉलोनीतल्या घरी आईने लोणी-हळदीचा द्रोण त्याच्या हाती दिला. दारी बैल नसले तरी वऱ्हाडातून आलेल्या या बाईने बैलांचे खांदे मळून जेवायला बोलवायची खांदमळणी सोडली नव्हती. केंद्रातली जनावरं तिने आपलीच मानली होती.

"सगळ्याईले आवतण देजो बरं," ती म्हणाली. "उद्या पोळ्या पाठवून राहिली मी."

संध्याकाळी त्याने एकेकाचा खांदा मळला. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." गोऱ्ह्यापाशी आला. सुजलेल्या खांद्यावर हळद लावली, "आज आवतण घ्या" म्हणाला आणि पुढचं तोंडातून निघेना. उद्या कुठला? सुई त्याने स्वतःच टोचली. ते पाप दुसऱ्याच्या हातावर घालवेना.

पोळ्याच्या सकाळी डबा घेऊन आला, तर फाटकाशी भैय्यालाल उभा. हातात नवी घुंगरमाळ.

"अंदर तो जाने नहीं देंगे, आप ही बाँध देना. टीका लगा था न?"

"नहीं लगा," शिरीष म्हणाला, आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. चिठ्ठीसुद्धा.

भैय्यालालने माळ गुंडाळून खिशात घातली. "बाकी सब बच गए?"

"जिनको टीका लगा, सब बच गए."

"तो मेरे घर जो बचे हैं, उनको लगा दीजिए. इस बार हव मत बोलिए साहब, आ जाइए."

लस बाहेर द्यायची परवानगी यायला अजून कितीतरी महिने होते. सवयीने ओठावर आलेला हव शिरीषने गिळला.