तुळजाबाईंना वेगळं काढायचं होतं

मी एक जुना, काळा-पांढरा फोटो आहे. जाफराबादला बायकांचा साक्षरता वर्ग भरायचा, त्याच्या शेवटच्या दिवशी मला काढलं. सगळ्या जणी पाटी छातीशी धरून ताठ उभ्या आहेत. हसा हसा म्हणून फोटोवाला दमला, पण एकही हसली नाही!

पुढे मी तुळजाबाईंच्या भिंतीवर मानाने राहिलो. पाहुणे आले की त्या पाटीवरचं आपलं नाव दाखवायच्या. मग भिंतीला रंग दिला आणि मी ट्रंकेत गेलो. तिथून एका नातेवाइकाने मला काढलं, दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या आपल्या आत्याचा तेवढा चेहरा कैचीने कापून नेला आणि मला परत टाकून दिलं. तेव्हापासून कैची म्हटलं की माझ्या कडा आक्रसतात.

तुळजाबाई गेल्या. त्यांचा दुसरा फोटोच नव्हता. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांना आदरांजली वाहायच्या कार्यक्रमात पडद्यावर आई दिसावी म्हणून त्यांची मुलगी बेबीनंदा मला जुन्या जालन्यात, सिराजोद्दीन यांच्या व्हिडिओ शूटिंग-मिक्सिंगच्या दुकानात घेऊन गेली.

"आईला येगळं काढून द्या, भाऊ."

"बिलकुल. कटिंग करू, बराबर होईल."

कटिंग! मी गारठलो. बेबीनंदाने मला हिसकावून पोटाशी धरलं. "कैची लावायची न्हाई! आधीच एकानं कापून नेल्तं."

सिराजोद्दीन हसले. त्यांची कटिंग कॉम्प्युटरमधली होती. तरी बेबीनंदाचा हात सुटेना. तेव्हा सिराजोद्दीन यांची मुलगी आयेशा म्हणाली, "काकू, कापायचं कशाला? मी सध्या कॉम्प्युटरमधला कॅमेरा फिरवायला शिकून राह्यले. फोटो पुरा ठेवू, कॅमेराच जवळ नेऊ."

माझी नक्कल पडद्यावर आली. आयेशाने सॉफ्टवेअरमधला तो कॅमेरा पुढे नेला, पण मी ढिम्म! "फोटोला थ्रीडीची खूण करायचीच राह्यली, त्याशिवाय कॅमेरा त्याच्यावर चालत नाही," ती जीभ चावत म्हणाली. खूण केली, तर मी असा धावलो की तुळजाबाई दिसल्या न दिसल्या तोच निघून गेल्या. मग तिने कॅमेरा जवळ जायचा वेळ वाढवला.

आता कॅमेरा सावकाश तुळजाबाईंपाशी येऊन थांबला. पडदाभर त्यांचाच चेहरा. बेबीनंदाने पदराने डोळे पुसले. मग कॅमेरा हळूहळू मागे सरकला आणि तुळजाबाईंच्या खांद्यावर शेजारी उभ्या असलेल्या बाईचा हात दिसला.

"अगं, हा तर अनवरी मावशीचा हात!" बेबीनंदा रडता रडता हसली. "आईला वर्गाला हीच वढून न्यायची. इतकी वर्षं फोटो पाह्यला, पण हा हात कधी दिसलाच न्हाई."

मित्रांनो, मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तुमच्याही ट्रंकेत माझे भाऊबंद पडले असतील. त्यांना बाहेर काढा, पुसा. कुणा एकाला बघायचं असेल तर खुशाल जवळ जा, पण त्याच्या खांद्यावरचा हात तेवढा कापू नका.