हद्दीच्या अलीकडं

“नकुशे, फोन! कुवेतचा! पाच मिंटांत परत लावतो म्हणालाय!”

शाळेच्या कुंपणापलीकडून संपतची हाक आली तेव्हा नकुशी खिचडीच्या पातेल्यात कालथा फिरवत होती. संपतचा एसटीडी बूथ वरवंडच्या स्टँडसमोर, शाळेपासून चार पावलांवर. कुवेतचा फोन यायचा तो शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी. आज मंगळवार होता.

तिनं कालथा अनसाबाईच्या हातात दिला. गेलं वर्षभर दोघी या चुलीवर तीनशे पोरांची खिचडी शिजवत होत्या. दोघींचे नवरे, खंडू आणि जालिंदर, एकाच विमानानं कुवेतला गेले होते. त्याआधी दोघं शिरूरच्या बाजारातला कांदा भरून बेंगळूरला गाड्या न्यायचे. एक झोपला की दुसरा स्टेअरिंगवर. जालिंदर चार वर्षांनी मोठा, म्हणून खंडू त्याला दादा म्हणायचा.

“आमचंबी इचार गं,” अनसाबाई म्हणाली. “मंगळवारी कशापायी केलाय, त्ये इचार.”

नकुशी ओल्या हातांनीच बूथमध्ये शिरली. फोन वाजला.

“टीव्ही बघितलास का?” खंडूनं पहिलं तेच विचारलं.

बघितला होता. साऱ्या गावानं बघितला होता. तोंडं झाकलेली माणसं बंदुका घेऊन उभी होती आणि त्यांच्या पुढ्यात गाडीवाले गुडघ्यांवर बसवले होते. त्यातले काही हिंदुस्थानातले. कंपनीनं इराकातून गाड्या काढल्या नाहीत तर एकेकाला मारू, असं ते म्हणत होते. चहाच्या टपरीवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आपल्या सरकारनं तर तिकडं फौज धाडली नाही, मग आपल्या माणसांना का धरतात, असं कुणी विचारलं की दुसरा म्हणायचा, “गाडीत कोन बसलंय त्ये कोन बगतंय? गाडी कुणासाठी चाललीया, त्ये बगत्यात.”

“तुम्ही कुवेतातच हाय न्हवं?” नकुशीनं विचारलं.

“हाय. पन आमची खेप आता तिकडं लावलीया. डिझेलचा टँकर. हद्दीपलीकडं, फौजेच्या तळावर.” खंडूचा आवाज दबका होता. “आपल्या वकिलातीनं सांगितलंय, कुणी जायाचं न्हाई. सरकारची बंदी हाय. कंपनी म्हणती, बंदी तुमच्या सरकारची, आमची न्हाई. आन् पासपोर्ट तिच्या कपाटात.”

“जाऊ नका.”

“न्हाई म्हनलो तर उद्या पोलिसात देतील. पळपुटा म्हणून.”

“आन् जालिंदरभावजी?”

“त्योबी न्हाई म्हणालाय. आमी दोगंबी...” तेवढ्यात खरखर झाली आणि फोन तुटला.

परत लागला नाही. अर्धा तास वाट बघून ती चुलीशी आली. अनसाबाईला तिनं सगळं सांगितलं, जालिंदरही नाही म्हणालाय हे दोनदा सांगितलं. अनसाबाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, “मग बरं हाय. दोगं संगट हायत.”

दुसऱ्या दिवशी नकुशी सासऱ्याला घेऊन शिरूरला, दोघांना कुवेतला धाडणाऱ्या माणसाकडं निघाली. अनसाबाईचं पोर तापानं फणफणलं होतं, म्हणून ती मागं राहिली. चौफुल्याला एसटी बदलून केडगाव, न्हावरं करत दीड तासाचा रस्ता. सासरे म्हस्कूआबा खिडकीशी बसले होते. तरुणपणी दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. परक्या मुलखात माणसानं कसं वागावं हे त्यांना माहीत होतं.

“मला येक सांग,” ते म्हणाले, “त्या इराकात तेलाच्या हिरी हायत म्हणत्यात ना?”

“हायत म्हणं, आबा.”

“मग हिकडनं तेल कशाला वाहून न्यायाचं तिथं?”

पुढच्या बाकावरचा एक मास्तर वळून म्हणाला, “लढाईत त्यांचे कारखाने बंद पडलेत, आबा. विहिरी आहेत, पण तेल शुद्ध करायची सोय राहिली नाही.”

म्हस्कूआबा म्हणाले, “आमी कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, तर आधी मालकाला इचारायचो. न इचारता शिरलं की काठ्या पडायच्याच.”

बापूसाहेबांचं ऑफिस शिरूरच्या मार्केट यार्डासमोर, पहिल्या मजल्यावर होतं. पन्नास एकरांचे बागायतदार, सोसायटीत वजन असलेला माणूस. तीन वर्षांपासून ते मुंबईच्या एका एजंटाच्या वतीनं आखातात ड्रायव्हर धाडत. खंडू-जालिंदरला त्यांनीच धाडलं होतं. नकुशीला वाटलं होतं, ते टाळतील. पण ते दाढी वाढलेल्या तोंडानं टेबलाशी बसले होते आणि समोरचा चहा साय धरून गार झाला होता.

“बसा आबा. बस गं बाई. मला ठाऊक आहे कशासाठी आलाय ते. अकरा पोरं धाडलीत मी. कागदावर कुवेतच लिहिलं होतं, आईशप्पथ. इराकचं नाव नव्हतं.”

“मग कंपनीला सांगा तसं,” नकुशी म्हणाली.

“सांगितलं. ते म्हणतात, गाडी चालवायची सही केली तिथं सगळं आलं.” त्यांनी कपाळ चोळलं. “हे बघ, खंडूला पोलिसात दिलं तर मला इथनं काही करता येणार नाही. तिथला कायदा वेगळा. दोन खेपा कर म्हणतायत, मग पासपोर्ट देऊ. पुढं-मागं रणगाडे असतात गाड्यांच्या.”

“रणगाडे हायत म्हंजी भ्या हाय,” म्हस्कूआबा म्हणाले. “सरळ वाटंला कोन रणगाडं घेऊन जातंय?”

बापूसाहेबांनी फोन ओढला, वहीत बघून लांबलचक नंबर फिरवला आणि स्पीकरचं बटण दाबलं. पलीकडं कुणी हिंदीत बोललं. बापूसाहेबांनी खंडूचं नाव सांगितलं. पंख्याच्या घरघरीत तिघं वाट बघत राहिली. खालच्या रस्त्यावर कुणी कांद्याच्या गोण्या मोजत होतं, त्याचे आकडे वर ऐकू येत होते.

“बोल,” बापूसाहेब हळूच म्हणाले. “पण नीट विचार करून बोल बाई. तुझ्या शब्दावर तो ठरवणार.”

“नकुशे?” खंडूचा आवाज खोलीभर पसरला. “मी फोरमनच्या खोलीत हाय. समोरच बसलाय.”

नकुशी टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. तिला वाटलं, आपण इथं जे बोलू ते त्या अनोळखी फोरमनच्या कानात जाणार, बापूसाहेबांच्या कानात जाणार. आडपडद्यानं बोलायची सोयच नव्हती. जा म्हणावं तर टीव्हीवरचे गुडघे डोळ्यांपुढं येत होते. नको म्हणावं तर परक्या देशातला तुरुंग. तिनं सासऱ्याकडं बघितलं. म्हस्कूआबांनी मान खाली घातली होती. हा शब्द त्यांनी तिच्यावरच सोडला होता.

“जाऊ नका,” ती म्हणाली. “पोलीस तर पोलीस. मोकळ्या हातानं या, पन या.”

“क्या बोलती है?” पलीकडून कुणी विचारलं.

“ना बोलती है,” खंडू म्हणाला. “मैं नहीं जाएगा, साब.”

“ठीक है. खंडू नहीं तो दूसरा. गाड़ी तो जाएगी.”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि दुसराच आवाज आला. जालिंदरचा. तो मागंच उभा असणार.

“साब, वो गाड़ी मेरे को दो. उसका नाम काटो.” आणि मग मराठीत, फोनच्या जवळ येऊन, “नकुशे, रडू नगंस. खंडूला आमी वकिलातीच्या दारात सोडतो. एकानं तरी गाडी न्ह्यायला पायजे, न्हाईतर सगळ्यांनाच आत टाकतील. दोन खेपा, बास. आन् हे बघ, अनसीला काय सांगू नगंस. उगं जिवाला घोर. मीच सांगीन येऊन.”

“भावजी, तुम्हीबी नका...”

फोन बंद झाला होता.

बापूसाहेबांनी परत लावला, तीन वेळा. कुणी उचलला नाही. शेवटी ते म्हणाले, “रात्री बघतो परत.” जिना उतरताना म्हस्कूआबांचा हात नकुशीच्या खांद्यावर होता, आणि तो आधाराला होता की धीराला, हे तिला कळलं नाही.

परतीच्या एसटीत ती जालिंदरचं शेवटचं वाक्य घोळवत राहिली. अनसीला काय सांगू नगंस. त्यानंच सांगितलंय, म्हणजे आपण सांगायला नको. न्हावरं गेलं, केडगाव गेलं, तोवर तिनं स्वतःला पटवून घेतलं होतं. पण चौफुल्याला उतरताना तिला लख्ख कळलं की आपण त्या शब्दाआड लपतोय. खरं भय वेगळंच होतं. अनसाक्का विचारेल, तुझा न्हाई म्हणाला म्हणून माझा निघाला का? आणि त्याला हो म्हणण्याखेरीज उत्तर नव्हतं.

संध्याकाळी अनसाबाईच्या दारावरून ती गेली. आतून पोराच्या कण्हण्याचा आवाज येत होता. “पोराला बरं हाय का?” तिनं बाहेरूनच विचारलं. “उतरतोय ताप. काय म्हणाले बापूसाहेब?” “बोलतो म्हणालेत,” असं म्हणून ती पुढं निघून गेली.

सकाळी चूल पेटली. तांदूळ धुताना अनसाबाई आपणहून म्हणाली, “काल पोराला सांगितलं मी, तुझा बाप न्हाई म्हनलाय त्यांना. लई खूस झाला.” नकुशीच्या हातातली डाळ निथळत राहिली.

“अक्का,” ती म्हणाली, “भावजींनी गाडी घेतलीया. आमच्या ह्यांची.”

अनसाबाईनं वर बघितलं. “कवा?”

“काल. मी हुते तवा. फोनवर. तुला सांगू नगं म्हणाले.”

“कालच?”

एवढंच ती म्हणाली. मग तांदळाचं घमेलं तसंच टाकून ती बूथकडं पळत सुटली, नकुशी तिच्या मागं. संपतनं कॅम्पचा नंबर लावला. पलीकडच्या माणसानं हिंदीत सांगितलं की ड्रायव्हरांची बस पहाटेच हद्दीकडं गेली. काल रात्री नऊपर्यंत सगळे इथंच होते, टीव्ही बघत होते. फोन कालच करायचा होता, असंही तो म्हणाला.

अनसाबाईनं रिसीव्हर जागेवर ठेवला. शाळेत परत येऊन तिनं तांदूळ वैरले. त्या दिवशी खिचडी वेळेवर झाली.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, पोरं जेवून उठत असताना बापूसाहेबांची जीप हायवेवर थांबली. जीप आत आणायला रस्ता होता, पण ते खाली उतरले आणि मैदानातून पायी येऊ लागले. वरवंडमध्ये त्यांना इतकं पायी चालताना कुणी पाहिलं नव्हतं. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली होती. नकुशी उठून उभी राहिली. अनसाबाई मात्र पातेलं घासत राहिली, ते अगदी जवळ येऊन उभे राहिले तरी.

“गाड्यांच्या रांगेवर बाँब झाला बाई,” ते म्हणाले. “दुसऱ्या गाडीवर.”

“आमची कितवी हुती?” अनसाबाईनं विचारलं. तिचा हात पातेल्यातच होता.

बापूसाहेब तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

जालिंदरची पेटी यायला एकोणीस दिवस लागले. ती उघडायची नाही, असं कागदावर लिहिलं होतं. गावातल्या शहाण्यांनी विचारलं, बंदी असताना गेलाच कसा, आणि मग त्यांनाच आपल्या बोलण्याची लाज वाटली. महिनाभरानं अनसाबाई चुलीवर परत आली. कामापुरतं बोलायची. मीठ दे. जाळ सार. नकुशीला वाटायचं, हिनं एकदा तरी शिव्या द्याव्यात, झिंज्या धराव्यात. पण अनसाबाईनं काही केलं नाही.

दसरा उलटल्यावर खंडू आला. वकिलातीच्या आवारात तो सात आठवडे राहिला होता. पासपोर्ट मिळालाच नाही. त्याच्याऐवजी वकिलातीनं दिलेल्या एका कागदावर तो विमानात बसला होता. अंगावरचे कपडे ढगळ झाले होते. घरी तो नुसतं तांब्याभर पाणी प्याला, बापाच्या पाया पडला आणि म्हणाला, “मी जाऊन येतो वैनीकडं.”

नकुशी त्याच्या मागोमाग गेली, पण दाराशीच थांबली.

अनसाबाई भिंतीला टेकून बसली होती. खंडू समोर जमिनीवर बसला. त्यानं बोलायला सुरुवात केली, “वैनी, गाडी माझी हुती. मी...” पण तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

“त्ये नगं भावजी. त्यो रस्ता कसा हाय, त्ये सांगा.”

“कुठला?”

“ह्ये गेले त्यो. पेटी आली, पन मला काय दिसतच न्हाई. डोळं मिटलं की नुसतं काळं. रस्ता कसा हाय?”

खंडूनं डोळे पुसले. हद्दीपर्यंतच्या खेपा दोघांनी आधी कितीदा केल्या होत्या. तो सांगू लागला. कॅम्पच्या फाटकातून निघालं की डाव्या हाताला पाण्याची टाकी. मग सरळ काळा रस्ता, आपल्या हायवेपेक्षा रुंद, दोन्ही अंगाला वाळू. झाड म्हणून नाही. मध्येच उंटांचा कळप, बाजूनं राखणारा. दादा दर वेळी त्याला हॉर्न द्यायचा आणि तो हात करायचा. मग एक टपरी, तिथं काळा चहा, पुदिना घातलेला. दादाला तो आवडायचा नाही, तरी प्यायचा. मग तारेचं कुंपण, चौकी, आडवा दांडा. तिथं कागद बघतात. तिथंच हद्द.

“आन् म्होरं?”

बाहेर नकुशीनं चौकटीला घट्ट धरलं.

“म्होरं मी कवाच गेलो न्हाई, वैनी.”

अनसाबाईनं मान हलवली. मग दाराकडं न बघताच तिनं पसरलेलं पोतं थोडं सरकवलं, शेजारी एका माणसापुरती जागा केली. नकुशी आत आली आणि त्या जागेवर बसली.

“तिथवरचंच सांगा मग,” अनसाबाई म्हणाली. “पुन्यांदा सांगा. फाटकापासनं.”