मी मोजलेला, त्यांनी फेकलेला वारा

मी एक जुना लिडार आहे. मित्रांनो, 'मित्रांनो' हे मी आपली रीत म्हणून म्हणतो. आपली मैत्री वगैरे काही नाही. तुमच्यातल्या निम्म्यांना लिडार म्हणजे काय हे ठाऊक नसेल, आणि उरलेल्यांनी ते लेझरच्या खेळण्यासारखं काहीतरी असणार असं ठरवून टाकलं असेल. काल्हेरच्या या गोदामातल्या हमालांनीही तेच ठरवलं. एकाने तर मला हळदीच्या डीजेला लावायचं सुचवलं होतं. माझा प्रकाश माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाही, हे त्याला कोण सांगणार? गाढवाला गुळाची चव काय!

माझं काम वारा मोजण्याचं. मी विमानाच्या पोटात बसायचो आणि खालच्या काचेतून प्रकाशाचे ठोके सोडायचो. हवेत धुळीचे आणि समुद्राच्या मिठाचे बारीक कण असतात. त्यांच्यावर आपटून थोडा प्रकाश माझ्याकडे परत यायचा. कण वाऱ्याबरोबर वाहत असतात, त्यामुळे परत आलेला प्रकाश केसभर बदललेला असायचा. त्या केसभर फरकावरून कुठल्या उंचीवर वारा कुठे चाललाय आणि किती जोरात, हे मी सांगायचो. उपग्रहाला वरून ढगाचा माथा दिसतो, आणि तेवढ्यावर त्याचा केवढा तोरा! दाट ढगातलं मलाही दिसत नाही, हे कबूल करतो. पण वादळाला ढकलणारा वारा त्याच्या आजूबाजूच्या मोकळ्या हवेत असतो, आणि तिथे माझ्यापासून काही लपत नव्हतं.

मला जुळवायला नऊ महिने लागले. जुळवणारीचं नाव आसावरी. ती भिवंडीची. वडील शाळेत शिक्षक, आई अंजूरच्या शेतकरी घरातली. माणसांपैकी मला सहन होणारी ही एकटीच. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी मोठमोठे साहेब आले, नारळ फुटला, भाषणं झाली. मग एका उत्साही साहेबांनी थेट माझ्या भिंगाला हळदकुंकू लावलं! टाळ्या पडल्या. आसावरी अर्धा दिवस ते कुंकू कापसाने टिपत बसली आणि उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलं. माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते हे.

दोन वर्षं मी नेमाने उडलो. मग मे महिन्याच्या शेवटी अरबी समुद्रात एक वादळ उठलं. आमच्या हवामान कचेरीतल्या संगणकाचं म्हणणं होतं की ते ओमानकडे जाणार. सगळे निवांत होते. आम्ही मात्र उडालो. वादळाच्या पश्चिमेच्या बाजूने सहा तास फिरलो आणि मी साडेअकराशे ठिकाणी वारा मोजला. वर तीन-चार किलोमीटरवर वारा कोणालाच वाटला नव्हता इतका पालटला होता. तो वादळाला पूर्वेकडे, आपल्या किनाऱ्याकडे लोटत होता. मला त्यात तिळमात्र शंका नव्हती.

आता माणसांची अक्कल पाहा. कचेरीत एक चाळणी होती. चाळणी म्हणजे संगणकातला नियम. संगणक आधी स्वतःचा एक अंदाज बांधतो. कुठल्याही यंत्राची मोजणी त्या अंदाजापासून फार लांब गेली, तर ती यंत्राची चूक समजून फेकून द्यायची. यंत्रं चुकतात, हे खरं आहे. पूर्वी हवा मोजायला सोडलेल्या एका बिघडलेल्या फुग्याने अंदाजाची वाट लावली होती आणि वर्तमानपत्रांनी कचेरीची टर उडवली होती. तेव्हापासून प्रमुख रामनाथसाहेबांनी चाळणीची भोकं बारीक केली होती. नव्या यंत्रांसाठी तर आणखीच बारीक. दोन वर्षं उडूनही मी नवाच!

साडेअकराशेपैकी नऊशे मोजण्या चाळणीने फेकल्या. ज्या अडीचशे संगणकाशी जुळत होत्या, तेवढ्याच ठेवल्या. म्हणजे मी जिथे 'नाही' म्हणालो ते पुसलं आणि जिथे 'हो' म्हणालो ते लिहून घेतलं. संगणकाला वाटलं, लिडारही आपल्याच बाजूचा आहे. तो ओमानवर आणखी घट्ट बसला. माझ्या तोंडून खोटी साक्ष काढली त्यांनी.

मला तपासणीसाठी विमानातून काढून आसावरीच्या टेबलावर ठेवलं होतं. रामनाथसाहेब तिथे आले.

"सर, नऊशे मोजण्या एकदम चुकतील का?" आसावरी म्हणाली. "आणि सगळ्या एकाच दिशेने? एकदा चाळणी सैल करून अंदाज पुन्हा चालवू या. तुमची फक्त सही हवी."

"आणि तुझा लिडार चुकला तर? किनाऱ्यावरची लाखभर माणसं हलवायची आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन?"

"मी दोनदा तपासलाय सर. तो चुकलेला नाही."

"उद्या सकाळी बघू. उपग्रहाचं नवं चित्र येऊ दे."

साहेब गेले. माणूस वाईट नव्हता म्हणे. असेल. मला त्याच्या चांगुलपणाचं काय करायचं होतं? वारा त्याच्या सहीसाठी थांबणार नव्हता.

सकाळी चित्र आलं आणि त्यात ढगाचा माथा दिसला, दुसरं काही नाही. अंदाज तसाच राहिला. ठाणे जिल्ह्यासाठी 'हलका वारा, अंशतः ढगाळ' असं जाहीर झालं. मग आसावरीने मोबाइल उचलला आणि अंजूरला आपल्या मामाला लावला. रघूमामा तेव्हा खाडीजवळच्या एका गोदामावर देखरेखीला होते. पत्र्याचं उंच गोदाम, आत बावीस हमाल आणि दारात दोन ट्रक.

"मामा, दुपारी शेडमध्ये कोणी थांबू नका. वादळ तुमच्याकडे येतंय."

"अगो, टीव्हीवाला तं सांगतंय ओमानला चाललाय. हितं ऊन हाय."

"टीव्हीला नाही माहीत. माझ्या यंत्राने मोजलंय."

"तुझी मशीन सांगते आनि सरकार न्हाय सांगत?"

"मामा, माझ्यावर विश्वास आहे ना तुमचा?"

"हाय," मामा म्हणाले. "तुझ्यावर हाय."

पुढचं मी मामांच्याच तोंडून ऐकलं, आणि एकदा नाही, पन्नासदा. त्यांनी माल उतरवणं थांबवलं. हमाल गोंधळले. "चाचा, मालिक को क्या बोलोगे?" एकाने विचारलं. "मालिक को मैं देखेगा, तू पहले शटर गिराव," म्हणून मामांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि गावातल्या स्लॅबच्या शाळेत नेऊन बसवलं. मालकाने फोनवर शिव्या घातल्या. मामांनी फोन बंद केला.

वाटेत शेजारचं गोदाम लागलं. तिथला कुमार नावाचा हमाल दारात बिडी ओढत उभा होता. मामांनी त्यालाही हाक मारली, "अरे, चलो सब, तूफान आनेवाला है." कुमार हसला. "चाचा, धूप निकली है!" त्याच्या सुपरवायझरने मोबाइल काढून मामांना दाखवला. "ये देखो, सरकारी अंदाजा है. हल्की हवा." मामा आपले हमाल घेऊन पुढे गेले.

तीनच्या सुमाराला वादळ आलं. खाडीचं पाणी बांध ओलांडून रस्त्यावर चढलं. दोन्ही गोदामांचे पत्रे एकापाठोपाठ एक उडाले आणि लोखंडी खांब वाकले. मामांच्या बावीस हमालांपैकी एकालाही ओरखडा आला नाही. शेजारच्या गोदामात तिघं दगावले. त्यांत कुमार होता.

मामा ही गोष्ट ट्रकवाल्यांना सांगतात तेव्हा शाळेपाशी थांबतात. कुमारचं ते सांगत नाहीत. मी ते एकदाच ऐकलं, आसावरी आली होती तेव्हा.

त्यानंतर मग वरातीमागून घोडं आलं. समिती बसली. तिने लिहिलं की वादळाचा मार्ग 'अनपेक्षितपणे' बदलला. अनपेक्षित! नऊशे वेळा सांगितलं होतं मी. पुढे असंही लिहिलं की लिडारच्या मोजण्या अंदाजात वापरल्या गेल्या नाहीत, म्हणून त्याची उपयुक्तता सिद्ध होत नाही. वाचा, पुन्हा वाचा. आधी जेवायला वाढायचं नाही आणि मग म्हणायचं, हा जेवतच नाही! माझी उड्डाणं बंद झाली. मला भंगारात काढायचं ठरलं. मामांना त्या मालकाने केव्हाच काढलं होतं आणि ते काल्हेरच्या या गोदामावर कामाला लागले होते. आसावरीने खटपट करून मला पेटीत घालून इथे ठेवलं. "मामा, पेटीवर पाणी पडू देऊ नका," एवढंच ती म्हणाली. मामा पाणी पडू देत नाहीत. पेटीवर जेवणाचा डबा ठेवतात. त्यांचं मी चालवून घेतो.

परवा आसावरी आली होती. तिला कचेरीची नोटीस मिळाली होती. पेटीशेजारी बसून तिने ती मामांना वाचून दाखवली. जाहीर न झालेली माहिती आपण एका नातेवाइकाला का दिली, याचा लेखी खुलासा करावा. त्या नोटिशीची मला किळस आली. तीन माणसं मेली आणि यांना पडली होती त्या एका फोनची!

"माज्यामुलं झाला ना ह्या?" मामांनी विचारलं.

"नाही मामा."

"मंग काय लिवलंस तू?"

खुलासा तिने नोटिशीखालीच लिहून ठेवला होता; तो न वाचताच आसावरीने कागदाची घडी केली. तेव्हाच मामांनी तिला कुमारचं सांगितलं, त्याची बिडी, त्याचं हसणं, सुपरवायझरचा मोबाइल. ती रडली, आणि मित्रांनो, मी यंत्र असून मला ते बघवलं नाही. मग तिने तिथेच घडी उघडून, माझ्या पेटीवर कागद ठेवून, आधी लिहिलेला खुलासा खोडला आणि नवा लिहिला. मामांना वाचून दाखवला. त्यात एकच वाक्य होतं: "मी एकाच नातेवाइकाला सांगितलं, बाकीच्यांना सांगितलं नाही, ही माझी चूक आहे."

मला पुसा, जपा, माझी कीव करा, असलं काही मी तुमच्याकडे मागणार नाही. तुम्हीही उद्या मोठे व्हाल, एखाद्या खुर्चीत बसाल आणि तुमच्याही हातात चाळणी येईल. तेव्हा तुमच्या मताशी न जुळणारं काही आलं, तर ते फेकण्याआधी एकदा, फक्त एकदा, उघडून बघा. आणि ते खरं निघालं, तर सगळ्यांना सांगा. अंजूरच्या त्या रस्त्यावर गोदामं पुष्कळ होती, आणि आसावरीचा मामा एकाच गोदामात होता.